पानं गळालेली कांडी

डेन्ड्रोबियमची कुंडी हातात घेतली की नव्या माणसाची बोटं आधी पानं नसलेल्या कांड्यांकडे जातात. 'हे वाळलंय, काढून टाकू ना?' हा पहिला प्रश्न. दुसरा त्याच दमात येतो, 'याला पिल्लं कधी येतात?' म्हणजे जे आहे ते काढून टाकायचं आणि जे नाही ते हवं. कुडाळजवळ ऑर्किडची बाग चालवते आहे, फुलं गोव्याला जातात, रोपं दारावर विकली जातात. पण हे दोन प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक अजून भेटायचं आहे. गंमत अशी की दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. पिल्लं येतात ती बहुतेक वेळा त्या 'वाळलेल्या' कांड्यांवरच.

ऑर्किड आमच्याकडे आलं ते हौस म्हणून. माडाखाली टांगलेल्या चार कुंड्या. पुढे झापांचा मांडव, मग शेडनेट, मग शेडनेटवर प्लास्टिक. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नुसत्या जाळीखाली झाडं ठेवली तर जुलै संपायच्या आत कोंब काळे पडून कुजायला लागतात. आता बागेत बहुतेक सोनिया आहे. लग्नाच्या स्टेजवर आणि हॉटेलातल्या ताटाच्या कडेला दिसणारं जांभळं-पांढरं फूल ते हेच. थोडी पांढरी एम्मा व्हाइट आहे, आणि कोपऱ्यात माझी स्वतःची म्हणून ठेवलेली, कुणाला न विकलेली झाडं.

या झाडाची चाल एकदा समजली की निम्मी कामं आपोआप कळतात. ते कुंडीत आडवं सरकत जातं. जुन्या कांड्याच्या बुडातून नवा कोंब, तो वाढून नवं कांडं, त्याच्या बुडातून पुढचा कोंब. मागची कांडी वर्षा-दोन वर्षांनी पानं टाकतात, पण कामातून जात नाहीत. त्यांच्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. नवा कोंब फुटतो तेव्हा त्याला स्वतःची मुळं नसतात. मुळं सोडेपर्यंत तो मागच्यांच्या जिवावर जगतो. शिवाय सोनियासारख्या जातीत पानं गळालेल्या कांड्याच्या शेंड्याजवळून पुढच्या हंगामातही दांडा निघतो. ते कांडं कापलं तर साठाही गेला आणि फूलही.

हे सांगून पटत नाही, तेव्हा मी लोकांना शिमग्याच्या सुमारास आंबोलीच्या रस्त्याने जायला सांगते. बारबेट्युलम नावाचं आपलं सह्याद्रीतलं रानटी डेन्ड्रोबियम त्या दिवसांत झाडांच्या फांद्यांवर फुललेलं असतं. पान एकही नाही. सुरकुतलेली, करड्या रंगाची कांडी आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुबके. पाऊस सुरू झाला की नवे कोंब, नवी पानं. पाऊस सरला की पानगळ. मग कोरड्या दिवसांत फुलं. तिथे कात्री घेऊन साफसफाई करायला कुणी जात नाही म्हणून ते फुलतं. (बघून परत या, फांदीसकट उचलून आणू नका. रानातून ओरबाडून आणलेली झाडं घाटाखाली सहसा तगत नाहीत, आणि विकायला आणणाऱ्याकडून मी ती घेतही नाही.)

एका हॉटेलाला आम्ही फुलावर आलेल्या कुंड्या दिल्या होत्या. लॉबीत ठेवायच्या, फुलं संपली की मागच्या अंगणात, पुन्हा दांडे आले की आत, असं ठरलं होतं. तिथल्या बागेची देखभाल एका ठेकेदाराकडे होती. त्याच्या माणसांना हुकूम होता की कुंडी 'नीट' दिसली पाहिजे. त्यांनी मन लावून काम केलं आणि पान नसलेलं प्रत्येक कांडं बुडाशी छाटलं. प्रत्येक कुंडीत एक, फार तर दोन हिरवी कांडी उरली. फोटोत कुंड्या खरंच सुंदर दिसत होत्या. पावसानंतर मला बोलावणं आलं, खत कुठलं घालू म्हणून. जाऊन पाहिलं तर मांडीएवढ्या उंच कांड्यांच्या शेजारी वीतभर, पेन्सिलीएवढी बारीक नवी कांडी उभी होती. त्या वर्षी बहुतेकांना दांडा आलाच नाही. खताने यात काही होण्यासारखं नव्हतं. कोंबाला आधार द्यायला मागे कुणी उरलं नव्हतं, आणि पुन्हा तेवढी उंची गाठायला त्या झाडांना दोन-तीन पिढ्या कांडी काढावी लागणार होती. व्यवस्थापकाला हे ऐकून घ्यायला वेळ नव्हता. त्यांनी नव्या कुंड्यांची ऑर्डर दिली. धंदा म्हणून मला वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण वाटलं.

तेव्हापासून आमच्या मांडवात एक रीत आहे. कुंडी फोडताना किंवा वाटताना प्रत्येक तुकड्यात निदान तीन-चार कांडी राहिली पाहिजेत, पानं असोत वा नसोत. बागेतलं कुठलंही कांडं कापण्याआधी अंगठ्याने दाबून बघायचं. टणक लागलं तर हात लावायचा नाही. सुरकुतलं आहे पण दाबल्यावर भरीव आहे, तरीही नाही. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर कागदासारखं आत जातं, तेवढंच कापायचं. मऊ आणि ओलसर लागलं, घाण वास आला तर मात्र विचारत न बसता लगेच कापायचं, कारण ती कूज आहे आणि ती शेजारी सरकते. आमच्याकडे कामाला येणारी एक बाई या परीक्षेत माझ्यापेक्षा पक्की झाली आहे. मी कात्री उचलली की ती लांबूनच म्हणते, "वैनी, ह्यां सुकलां नाय हां." बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं.

आता पिल्लांकडे वळते. कांड्याच्या पेरावर, बहुधा शेंड्याकडच्या डोळ्यातून, छोटं रोप फुटतं. त्याला दोन-तीन पानं येतात, मग हवेतच पांढरी मुळं लोंबू लागतात. हौशी मंडळी त्याला केकी म्हणतात, आमच्यात पिल्लूच. लोकांना ते बघून घरात पाळणा हलल्याचा आनंद होतो. माझ्या मनात मात्र आधी शंका येते.

एक निवृत्त शिक्षिका आपली कुंडी दाखवायला आल्या होत्या. एसटीतून, मांडीवर घेऊन. तीन कांड्यांवर मिळून पाचेक पिल्लं. 'फूल नाही आलं दोन वर्षं, पण बघा कशी वाढत्येय!' मी कुंडी सोडवून दाखवू का, असं विचारलं. नारळाची सोडणं कुजून चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. त्यातून एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निसटून हातात आलं आणि आत नुसता सुतळीच्या धाग्याएवढा बारीक तंतू राहिला. दुसरं ओढलं, तेच. चांगलं मूळ कोरडं असताना पांढरं असतं, पाणी मारलं की हिरवट होतं, आणि बोटाला कडक लागतं. त्या कुंडीत तसं एकही नव्हतं. खाली पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा झाडाने वरच्या डोळ्यांतून सुटका शोधली होती. बाई गप्प झाल्या. मी म्हटलं, आई वाचेल की नाही सांगत नाही, पिल्लं वाचतील. तसंच झालं. त्यातलं एक आज त्यांच्या गॅलरीत फुलतं, आणि त्यांना दर वर्षी फोटो पाठवायची सवय लागली आहे.

प्रत्येक पिल्लू असं संकटातूनच येतं असं नाही. जातीचा स्वभावही असतो. आफायलमसारखी लोंबती जात सुखातही पिल्लं काढते. पण सोनियाच्या कुंडीत अचानक दोन-चार पिल्लं दिसली की मी ती आधी पालथी करते. सोडणं कुजली आहेत का, पाणी साचतं आहे का, पिठ्या ढेकूण बुडाशी बसला आहे का. पिल्लांचं कौतुक त्यानंतर.

नोबाइल जातीचा हट्ट वेगळा. सिक्कीमचं ते राज्यफूल. तिकडे सहलीला गेलेला माणूस एखादी कुंडी घेऊन येतोच. आमच्या नात्यातल्या एका जावेने अशी कुंडी डोंबिवलीत गॅलरीत ठेवली. बाई कष्टाळू, पाण्याला आणि खताला बारा महिने खंड नाही. परिणाम असा की दर वर्षी कांड्यांवर ओळीने पिल्लं आणि फूल एकही नाही. नोबाइलच्या पेरावरचा डोळा फुलाचा व्हायचा की रोपाचा, हे हिवाळ्यात ठरतं. रात्री गार हव्यात, पाणी कमी हवं, आणि दसऱ्यानंतर नत्राचं खत बंद हवं. उबदार रात्री आणि भरपूर नत्र मिळालं की तोच डोळा रोप काढतो. मी सांगितल्याप्रमाणे तिने खत बंद केलं, पाणी तोडलं. पण डोंबिवलीच्या रात्री काही माझं ऐकत नाहीत. शेवटी कुंडी नाशिकला बहिणीकडे गेली. तिथल्या थंडीत ती गॅलरीत उघडी राहिली, पानं बरीच गळाली, बहिणीने 'तुझं झाड मेलं' म्हणून कळवलंही. फेब्रुवारीत त्याच नागड्या कांड्यांवर खालपासून वरपर्यंत फुलं. आता ते झाड नाशिकचंच झालं आहे. जाऊबाई अजून अधूनमधून 'माझं झाड' म्हणतात. मीही कोकणात बसून नोबाइलचा नाद करत नाही. हवा नाही तिथे हौस चालत नाही.

पिल्लू आईपासून तोडायची घाई हा सगळ्यात मोठा रोग आहे. पानं दिसली की लोकांना ते रोप तयार झालं असं वाटतं. पानांवर जाऊ नये. मुळं बघावीत. निदान दोन-अडीच इंच, तीन-चार मुळं, आणि टोकं हिरवी, ओली, वाढती. टोक पांढऱ्या सालाने झाकलं गेलं असेल तर ते मूळ सध्या थांबलेलं आहे. नवी टोकं निघेपर्यंत थांबावं. मी पिल्लू हाताने पिळून तोडत नाही. कांड्याचा वरचा-खालचा इंचभर तुकडा त्याला तसाच ठेवून कापते, म्हणजे त्या तुकड्यातलं उरलंसुरलं अन्न त्याच्या वाट्याला येतं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड. पूड कापल्या जागीच, मुळांवर नाही; मुळांना ती कोरडं पाडते. कुंडी लहान घ्यावी, तीन इंची पुष्कळ झाली. मोठ्या कुंडीतलं सोडण आतून वाळत नाही आणि इवल्याशा मुळांना तो ओलावा बाधतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काडीला बांधावं. पिल्लू डुगडुगत राहिलं तर मुळाचं कोवळं टोक सोडणावर घासून मरतं, आणि आपण महिनाभर पाणी मारत राहतो. कोवळ्या मुळांवर दुसरी धाड गोगलगायींची. त्या रात्री येतात, म्हणून बॅटरी घेऊन रात्रीच फिरावं लागतं. फूल यायला पुढे दीड-दोन वर्षं तरी जातात, कधी जास्त.

टिपऱ्यांची पद्धत आमच्याकडे रुळवली ती सांगलीकडून कामाला आलेल्या एका माणसाने. कोकणातल्या बायकांना कांडं म्हणजे बांबूचं. त्याला कांडं म्हणजे ऊस. कुंड्या बदलताना निघालेली पानं नसलेली टणक कांडी बाजूला पडली होती. त्याने त्यातलं एक उचललं, वरचा पांढरा पापुद्रा नखाने सोलला, पेरावरचा डोळा बघितला आणि म्हणाला, "ताई, लागण करायची का ह्याची?" आम्ही केली. दोन-तीन डोळ्यांची टिपरी कापायची, कापलेली तोंडं दिवसभर सुकू द्यायची, मग पसरट ट्रेमध्ये ओलसर, पण पिळून घेतलेल्या मॉसवर आडवी ठेवायची. मॉस वर चढवायचं नाही. डोळा उघडा पाहिजे. ट्रे दाट सावलीत, वरून सैल प्लास्टिक. खत नाही. महिना-दीड महिना काही दिसत नाही. मग एखाद्या डोळ्याशी तांदळाच्या कणीएवढा हिरवा फुगवटा. काही टिपऱ्या सहा-सहा महिने झोपून राहतात, आणि तोवर हिरव्या असतील तर मी त्या टाकत नाही.

पण उसाचं गणित इथे पुढे चालत नाही. त्याला वाटलं होतं की डोळा तितका कोंब. ज्या पेरातून आधी फुलाचा दांडा निघून गेला आहे, तिथे पुन्हा काही येत नाही. पेरावर वाळक्या देठाची खूण राहते, ती बघून त्याने असे तुकडे वेगळे काढायला सुरुवात केली. "ह्यो डोळा आंधळा हाय," एवढंच म्हणून तो टिपरी मागे फेकायचा. आता मांडवात सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे, मालवणी बायकांच्यासुद्धा. दुसरा फरक असा की उसाला कोयता चालतो तसा इथे चालत नाही. एका झाडाचा रस पात्याला लागून दुसऱ्या झाडात गेला की विषाणूही जातो. सिम्बिडियम मोझाइक हा ऑर्किडवरचा नेहमीचा विषाणू असाच हत्यारावरून पसरतो, आणि त्याला औषध नाही. ओळखीच्या एका बागायतदाराकडे पानांवर फिकट चट्टे आणि फुलांच्या रंगात फाटे दिसू लागले. तपासणीत विषाणू निघाला आणि त्याला अख्ख्या रांगा जाळाव्या लागल्या. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कुंडीनंतर पातं गॅसच्या ज्योतीवर धरायचं, थंड होऊ द्यायचं, मग पुढची कुंडी. वेळ जातो. कंटाळा येतो. घाईच्या दिवसांत ब्लेडचं पाकीट जवळ ठेवते, एका झाडाला एक ब्लेड.

पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब नक्कल, असं विकताना सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. त्याचा दुसरा अर्थ विकताना कुणी सांगत नाही. आईचा रंग येतो तसा आईचा विषाणूही येतो. पॅरिसकडच्या जॉर्ज मोरेल या संशोधकाने 1960 मध्ये सिम्बिडियमच्या कोंबाच्या अगदी टोकाचा कण प्रयोगशाळेत वाढवला तो मुळात विषाणूमुक्त रोपं मिळवण्यासाठी. त्यातून एकासारखी एक हजारो रोपं करायची वाट सापडली आणि ऑर्किड श्रीमंतांच्या काचघरातून बाहेर पडलं. त्याआधी 1922 मध्ये नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशीच्या मदतीवाचून, साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवून दाखवलं होतं. ऑर्किडचं बी धुळीएवढं, स्वतःची शिदोरी नसलेलं. ही दोन कामं झाली नसती तर माझ्यासारखीला सोनियाची बाग परवडलीच नसती. बागेसाठी रोपं आजही मी टिश्यू कल्चरचीच घेते. पिल्लांवर व्यापारी बाग उभी राहत नाही. आकडा जुळत नाही, सगळी एका वयाची नसतात, आणि दादरच्या फूलबाजारात दांड्यांची लांबी सारखी लागते.

मग एवढी पिल्लं आणि टिपऱ्या कशासाठी? जे प्रयोगशाळेच्या यादीत नाही त्यासाठी. सावंतवाडीतलं एक जुनं घर विकलं गेलं तेव्हा तिथल्या आजींनी तुळशीमागची एक कुंडी मला दिली. गडद जांभळं, मागच्या बाजूने जवळजवळ काळसर फूल. नाव कुणालाच ठाऊक नाही, पट्टी केव्हाच हरवलेली. बाजारात मी तसं पुन्हा पाहिलेलं नाही. कुंडीत दोन हिरवी कांडी आणि मागे कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेली सात-आठ बोडकी. आजींचा मुलगा म्हणाला, 'मागचं काढून देतो, गाडीत मावेल.' मी गाडीची सीट पुढे घेतली. त्या मागच्या कांड्यांच्या टिपऱ्यांतून आज ती जात सहा-सात घरांत आहे, आजींच्या मुंबईच्या फ्लॅटमध्येही. आता मूळ कुंडीला काही झालं तरी मला घोर नाही. एकाच ठिकाणी ठेवलेलं झाड हे कधीतरी जाणारच, हे पावसाळ्यांनी शिकवलं आहे.

अलीकडे बोडकी कांडी असलेल्या कुंडीचा भाव मी कमी करत नाही. पूर्वी करत असे, कारण गिऱ्हाईक नाक मुरडतं. आता उलट समजावत बसते, मग कंटाळून समजावणंही सोडते. फारच हटून बसलेल्याला सांगते, कापा, कुंडी तुमची आहे. फक्त कापलेली कांडी टाकू नका, पुढच्या खेपेला येताना घेऊन या, मी दहा रुपयाला एक विकत घेते. दहा रुपये म्हटल्यावर बहुतेकांचा कात्रीचा हात थांबतो. एक गृहस्थ मात्र खरोखरच पिशवी भरून घेऊन आले. मी पैसे दिले, आणि त्याच आठवड्यात ट्रे लावले.